जुन्या घराची मोरी पुन्हा पुन्हा का तुंबते?

दसरा तोंडावर आला होता. तेरणाकाठच्या एका गावी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपले आणि एका शेतकऱ्याने आग्रहाने घरी चहाला नेले. माळवदाचा जुना वाडा. ढाळजेतून चौकात पाऊल टाकले तो पायाखाली पाणी! घरची सून खराट्याने पाणी दाराकडे लोटत होती. आजी मोरीपाशी बसून लोखंडी तार आत ढोसत होत्या.

"साहेब, च्या जरा दमानं होईल," आजी म्हणाल्या. "पंधरा दिसाला ह्योच कुटाणा हाय बघा. तार घातली की दोन दिस पानी जातंय. तिसऱ्या दिशी पुन्हा हायेच."

मी विचारले, "मावशी, हे पाणी जातं कुठं?"

आजींनी सुनेकडे पाहिले, सुनेने नवऱ्याकडे. "जातंय की भाईर नालीत," तो म्हणाला. पण नालीत ते नेमके कुठे पडते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, मी पिकांचा माणूस. घरबांधणीचा नव्हे. पण पंचवीस-तीस वर्षे जिल्ह्यातल्या गावांतून हिंडताना हे दृश्य मी इतक्या घरांत पाहिले आहे, की त्यावर लिहावे असे वाटले. शेतातला चर तुंबला तर आपण वरच्या अंगाला उभे राहून पाणी ढोसत बसतो काय? नाही. आपण चराच्या कडेने चालत खाली जातो आणि जिथे पाणी अडले असेल तिथे फावडे मारतो. घरात मात्र आपण मोरीच्या तोंडाशीच झगडत राहतो. मोरी एकदा तुंबली तर दोष तोंडाशी असू शकतो. पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर दोष बहुधा दुसऱ्या टोकाला असतो.

पूर्वी का तुंबत नव्हती?

"आमच्या सासूबाईंच्या वक्ताला असं नव्हतं," असे आजी म्हणाल्या आणि ते खरे आहे. त्या काळी पाणी आडावरून डोक्यावर यायचे. जे डोक्यावर येते ते कुणी उगाच सांडत नाही. भांडी राखेने घासली जात, धुणे ओढ्यावर व्हायचे. मोरीतून जे थोडे पाणी निघे ते परसात केळीला नाहीतर अळूला जाऊन संपायचे.

मग घरात नळ आला. ही चांगलीच गोष्ट झाली, माय-बहिणींची मान मोकळी झाली. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. सहा माणसांच्या घरात हे ३३० लिटर झाले. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण पाच हिश्श्यांतले चार हिस्से सांडपाणी होऊन बाहेर पडतात, म्हणजे रोज सुमारे २६० लिटर. त्यात भांड्यांचा आणि कपड्यांचा साबण आला, न्हाणीघर घरात आले. नळ नवा आला, पण पाण्याची बाहेरची वाट आजोबांच्या काळचीच राहिली.

दुसरी गोष्ट रस्त्याची. जुन्या रस्त्यावरच नवा सिमेंटचा थर पडतो. दोन वेळा असे झाले की रस्ता फूटभर वर येतो आणि वाड्याचा चौक आहे तिथेच खाली राहतो. रस्त्याबरोबर नालीही वर जाते. मग घरातले पाणी नालीत जाण्याऐवजी पावसात नालीतले पाणी घरात येते. अशा मोरीला कितीही तार घाला, पाणी चढावर जाणार नाही.

निळीची परीक्षा

आपल्या घरी काय झाले आहे हे फरशी न फोडता कळू शकते. एका बादलीत कपड्यांची नीळ गडद कालवा. एकाला बाहेर नालीपाशी उभे करा आणि बादली एकदम मोरीत ओता.

निळे पाणी मिनिट-दोन मिनिटांत भळभळा बाहेर पडले तर वाट चांगली आहे. केस, खरकटे किंवा साबणाचा साका तोंडापाशीच अडकला असेल. जाळी काढून स्वच्छ करा, काम झाले.

पाणी उशिरा आणि थेंबथेंब आले तर आत गाळ बसला आहे, ढाळ बिघडला आहे किंवा बाहेरची नाली वर गेली आहे.

आणि निळे पाणी मोरीतून तर गेले, पण बाहेर आलेच नाही, तर मात्र दुर्लक्ष करू नका. ते पाणी घराच्या पायात जिरते आहे.

त्या वाड्यात आम्ही दोन बादल्या ओतल्या. बाहेर तांब्याभर पाणी आले. पुढच्या आठवड्यात गवंडी बोलावून ढाळजेतली फरशी उचलली, तेव्हा सगळा प्रकार दिसला. जुन्या दगडी नळीच्या तळाच्या शहाबादी फरशा खचल्या होत्या. सांध्यांतला चुना कधीच गेला होता. एका सांध्याशी घुशीचे बीळ होते आणि पाणी सरळ त्या बिळातून ढाळजेच्या भिंतीखाली जात होते. नळीचे बाहेरचे तोंड नव्या नालीच्या तळापेक्षा पाच बोटे खाली, गाळात पुरलेले. भिंतीला वीतभर वरपर्यंत लोणा लागलेला. मी बोटाने खरवडले तर दगडांमधली माती हाताला लोण्यासारखी आली.

भिंतीचा प्रश्न

ते पाहून घरधनी गप्प झाला. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला दगड-मातीच्या भिंतीविषयी वेगळे सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे घरांच्या दगड-मातीखालीच गेली. मातीत रचलेल्या जाड भिंती आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचे ओझे, अशा घरांनी जीव घेतले. आजही कितीतरी घरे त्याच बांधणीची आहेत आणि त्यांत माणसे राहतात.

अशा भिंतीत दगडाला दगड धरून ठेवते ती माती. ती कोरडी असेतो तिची पकड असते, भिजली की पकड सुटते. वरचे ओझे तेवढेच, पण खालचा आधार मऊ, मग भिंत पोट काढते, कोपरा सुटतो. त्याला भूकंपच लागतो असे नाही, झडीचा पाऊसही पुरतो. मोरी तुंबणे ही बायकांची कटकट समजून घरातला पुरुष दुर्लक्ष करतो, तेव्हा तो घराच्या पायाकडे दुर्लक्ष करत असतो.

नळदुर्गचा पाणीमहाल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, बोरी नदी अडवून तो बांधला. बांधाच्या पोटात महाल आहे आणि तरी बांध शाबूत आहे. पुराचे पाणी उतरायला नर आणि मादी असे दोन सांडवे मुळातच ठेवले आहेत. पाण्याला आपण वाट दिली नाही तर ते स्वतः शोधते आणि ती वाट आपल्या सोयीची नसते.

दुरुस्ती कशी करावी?

जुन्या दगडी नळीला ठिगळे लावण्यापेक्षा तिच्यात किंवा तिच्या शेजारून नवा पाइप टाकणे बरे. मोरीला तीन इंची, संडासाला चार इंची पाइप घ्यावा. ढाळ दर दहा फुटांना दोन इंच असावा. हा ढाळ नजरेने धरू नका. गवंड्याकडच्या पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी मोजायला लावा.

पाइप शक्यतो सरळ न्यावा. काटकोनात वळवला की तिथे साका धरतोच. वळण घ्यावेच लागले तर तिथे दीड फूट लांब-रुंद चेंबर बांधा आणि वर उचलता येईल अशी फरशी ठेवा. चेंबर आहे पण त्यावर फरशी पक्की बसवून टाकली, असे मी अनेक घरी पाहिले. मग ते असून नसल्यासारखेच. मोरीच्या तोंडाला जाळी आणि तिच्याखाली पाणी धरून ठेवणारा नहाणी ट्रॅप हवा. त्यातले पाणी वास, झुरळे आणि घुशी रोखते. घर बंद ठेवून गावाला गेलात तर आल्यावर त्यात आधी तांब्याभर पाणी ओता.

पाइप नालीत सोडायचा असेल तर आधी नालीचा तळ आणि मोरीचा तळ मोजा. नाली वर असेल तर तो नाद सोडा आणि पाणी परसाकडे वळवा. तशी जागाच नसेल तर मोरीचा तळ उचलून घ्यावा आणि पाइपच्या बाहेरच्या टोकाला एकाच बाजूला उघडणारी झडप बसवावी. घरातले पाणी तिला लोटून बाहेर जाते, नालीचे पाणी मात्र आत येत नाही. झडपेत कचरा अडकतो, म्हणून ती हाताला लागेल अशा जागी हवी.

माळवदाचे पाणी मोरीत सोडू नका. ५०० चौरस फुटांच्या माळवदावर एक इंच पाऊस झाला तर जवळजवळ १२०० लिटर पाणी उतरते. मोरीच्या पाइपला हे झेपणार नाही. पन्हळीचे पाणी वेगळ्या पाइपने टाकीत घ्या. आपल्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात ते घाण पाण्यात मिसळणे हा तोटाच आहे.

शोषखड्डा जमीन पाहून करा

परसात जागा असेल तर सांडपाण्याचा शेवट आपल्याच हद्दीत करणे सगळ्यांत चांगले. शेजाऱ्याशी तंटा नाही, नालीवर अवलंबणे नाही. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली आणि डासांपासून सुटका करून घेतली. ती पद्धत पुढे नांदेड पॅटर्न म्हणून गाजली. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, अशी तिची सोपी रचना आहे.

पण दुसऱ्याचे पाहून आपण बियाणे घेतो तेव्हा आधी आपली जमीन पाहतो, तसेच इथेही पाहावे. रेताड जमीन खड्ड्याच्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून रोज सुमारे ५० लिटर पाणी पिते, मध्यम पोयट्याची ३० लिटर आणि घट्ट चिकण जमीन जेमतेम १० लिटर. चार फुटी खड्ड्याच्या चारही बाजू मिळून जवळजवळ सहा चौरस मीटर भरतात. म्हणजे मध्यम जमिनीत तो रोज सुमारे पावणेदोनशे लिटर पाणी जिरवील, पण भारी काळ्या जमिनीत साठेक लिटरच. आपल्याला घालवायचे आहे २६० लिटर! हा हिशेब खड्डा मुरल्यानंतरचा आहे. नवा खड्डा जास्त पाणी पितो, म्हणून पहिल्या वर्षी सगळे खूश असतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात खड्डा उलटतो.

म्हणून आधी परीक्षा घ्या. खड्ड्याच्या जागी, जितके खोल जायचे तिथवर खणून, तळाशी फूटभर लांब-रुंद आणि फूटभर खोल लहान खड्डा करा. तो पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी त्यात सहा इंच पाणी घाला आणि एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खड्ड्याऐवजी खडी भरलेला लांब चर करा, म्हणजे पाण्याला जास्त भिंत मिळेल. तासाहून जास्त लागला तर खड्ड्यावर पैसे घालू नका.

बालाघाटाच्या माथ्यावर मुरूम वर आहे, तिथे अडचण कमी. सीना, तेरणा, मांजरा यांच्या काठी काळी जमीन खोल आहे. गावातल्या विहीर खणणाऱ्याला विचारा, मुरूम किती फुटांवर लागतो ते तो नेमके सांगेल. चार-पाच फुटांवर लागत असेल तर खड्डा मुरमात न्या. मात्र खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्या पातळीपेक्षा सहा-सात फूट तरी वर राहिला पाहिजे. विहीर, आड किंवा बोअरपासून खड्डा किमान ५० फूट आणि मातीच्या भिंतीपासून किमान १० फूट दूर ठेवा.

खड्ड्याच्या आधी दीड फुटाची गाळटाकी हवीच. तिच्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून खाली तोंड केलेला कोपर बसवा. तेल-साबणाचा साका वर तरंगतो, राख-खरकटे खाली बसते आणि मधले पाणी तेवढे पुढे जाते. ती दर पंधरा दिवसांनी साफ करा. हे काम चुकले की दगडांच्या फटी साक्याने बुजतात आणि सगळा खड्डा उकरावा लागतो.

जिथे जमीन पाणी पीत नाही तिथे झाडे पितात. गाळटाकीतले पाणी कर्दळ, अळू, केळ, नारळ यांना आळीपाळीने द्या. एकाच आळ्यात रोज साबणाचे पाणी सोडले तर जमीन चोपण होते, म्हणून दोन-तीन आळी करून दर आठवड्याला पाणी फिरवा. कोथिंबीर, मेथी, मुळा अशा पालेभाज्यांना आणि कच्च्या खाण्याच्या भाज्यांना हे पाणी देऊ नका.

संडासाचे पाणी वेगळेच हवे

२ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झाल्यावर पुष्कळ जुन्या घरांत संडास आले. जागा नाही म्हणून काहींनी मोरीचा पाइप त्याच खड्ड्यात सोडला आणि तिथे मोठी चूक झाली. संडासात एका वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरते. त्या खड्ड्यात रोज २६० लिटर मोरीचे पाणी गेले की तो काही महिन्यांत भरून उलटतो.

खेड्याला सगळ्यांत सोयीचा तो दोन खड्ड्यांचा संडास. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करून दाखवले आणि कुणा माणसाला दुसऱ्याचा मैला वाहावा लागू नये यासाठी आयुष्य वेचले. त्यामागचा विचार आजही तोच आहे. एक खड्डा भरेपर्यंत, साधारण तीन वर्षे, वापरायचा. मग तो बंद करून दुसरा सुरू करायचा. पहिल्यातला मैला दोन वर्षे पडू दिला की वास नसलेले काळे खत होते. पण अनेक घरी दोन्ही खड्ड्यांची तोंडे एकदमच उघडी असतात. मग दोन्ही एकदमच भरतात आणि खत कशाचेच होत नाही. आजच चेंबर उघडून पाहा. एक तोंड विटेने आणि मातीने बंद असलेच पाहिजे. काळ्या जमिनीत खड्ड्याच्या बांधकामाभोवती फूटभर वाळू-खडीचा थर भरावा.

सेप्टिक टाकी असेल तर ती दोन-तीन वर्षांनी मैला उपसणाऱ्या गाडीकडून रिकामी करून घ्या. टाकी भरली की गाळ पुढच्या खड्ड्यात जातो आणि तोही निकामी होतो. ॲसिड, फिनेल भरमसाट ओतू नका. मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात. हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर आत डास वाढतात.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. सेप्टिक टाकीत किंवा संडासाच्या खड्ड्यात कुणालाही उतरवू नका. मजूर असो, घरचा माणूस असो, क्षणभरासाठीही नको. आतला विषारी वायू दिसत नाही आणि दोन श्वासांत माणूस पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. झाकण उघडे असताना विडी-काडीही जवळ नको.

वर्षाची कामे

मृगापूर्वी निळीची परीक्षा करा, चेंबरे उघडून गाळ काढा, घुशींची बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. भिंतीच्या पायाला लोणा दिसतो का ते पाहा. मोरीजवळ पिंपळ-वडाचे रोप उगवले असेल तर लहान असतानाच मुळासकट काढा. उत्तरा-हस्ताच्या आधी पुन्हा एकदा पाहा, कारण आपल्याकडे मोठा पाऊस बहुधा तेव्हाच गाठतो. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात काय झाले ते सर्वांना आठवते. जमीन तुडुंब भरली की कोणताही शोषखड्डा पाणी घेत नाही. अशा दिवसांत धुणे-भांडी कमी पाण्यात करा आणि झडप नीट मिटते आहे ना ते पाहा. पूर ओसरल्यावर आड-विहिरीचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

ग्रामसभेतही बोला. नवा रस्ता करताना जुना थर खरवडून काढावा आणि नालीचा तळ सर्वांत सखल घराच्या मोरीखाली असावा, असा ठराव काम सुरू होण्यापूर्वी झाला पाहिजे. सिमेंट पडल्यावर कुणी ऐकत नाही.

त्या वाड्यात परसाकडे पाइप वळवला. काळी साडेतीन फूट निघाली, तिच्याखाली मुरूम लागला. गाळटाकी, दोन खड्डे आणि वरच्या पाण्यावर केळीची दोन आळी केली. ढाळजेची भिंत पूर्ण वाळू दिली आणि मग पायाचे दगड आळीपाळीने काढून सिमेंटमध्ये बसवून घेतले. जाणता गवंडी असल्याशिवाय हे काम करू नये, वर आधार देऊनच करावे.

पुढच्या पावसाळ्यात मी मुद्दाम गेलो. चौक कोरडा होता. आजींनी चहा लगेच दिला. मी मोरीच्या तारेची चौकशी केली, तेव्हा हसून म्हणाल्या, "ती दिली की भंगारवाल्याला!"

तुमच्या घरीही अशी तार असेल तर येत्या सुट्टीच्या दिवशी बादलीभर नीळ कालवा आणि आपले पाणी कुठे जाते ते एकदा पाहा.